दुसरा कोण?

तेंगबाईंनी तोंगतोंगच्या उघड्या तोंडात टॉर्च मारला. टाळूवर मागच्या बाजूला दोन पांढुरके फोड होते. मग त्यांनी तिचे तळहात उलगडून पाहिले. तिथे लाल ठिपके.

"डास," तोंगतोंगची आई म्हणाली. बाईंनी अजून काही विचारलंच नव्हतं.

"तोंडातसुद्धा?"

"झोपेत तोंड उघडं असतं तिचं." आईच्या अंगावर मासळीच्या कारखान्याचा गणवेश होता आणि स्कूटर चालूच होती. "जाऊ द्या ना बाई. आज रजा मागितली तर उद्यापासून कायमचीच देतील."

बुदाईच्या किनाऱ्यावर त्या महिन्यात फोडांच्या तापाची साथ होती, म्हणून बालवाडीच्या फाटकातच मुलांचे हात आणि तोंडं तपासायची पद्धत पडली होती. नियम सरळ होता. सापडलेलं प्रत्येक मूल आरोग्य खात्याला कळवायचं, आणि एका वर्गात आठवड्यात दुसरं सापडलं की वर्ग आठवडाभर बंद. तेंगबाईंच्या 'अस्वल' नावाच्या वर्गातलं पहिलं मूल, हाओहाओ, सोमवारीच घरी गेलं होतं. त्याच्या आईने पालकांच्या ग्रुपवर माफी मागितली, घरटी अननसाच्या केकचा डबा पाठवला, आणि सगळ्यांनी तिला 'काळजी घ्या' म्हटलं. पहिल्याला लोक सांभाळून घेतात. शिव्या पडतात त्या दुसऱ्याच्या आईला. त्यामुळे वर्गात दुसरा व्हायला कुणीच तयार नव्हतं. एकदम तिसरा व्हायला कुणाचीही हरकत नव्हती.

तोंगतोंग आत पळाली. तिच्या मागे शाओयू. त्याच्या बाबांनी स्वतःच आधी सांगून टाकलं, "काल गरम सूप प्यायला. घाई फार त्याला." त्याच्यामागच्या मुलीला पुन्हा डास. आदल्या रात्री बुदाईच्या डासांनी सगळं गाव सोडून नेमकी अस्वल वर्गातली मुलं गाठली होती, आणि तीही तळहातावर.

फाटकाच्या आतल्या बाजूला मोठ्या बाई आरोग्य खात्याशी फोनवर बोलत होत्या. "हो, हो. एकच. तोच आपला सोमवारचा." मग फोनवर हात ठेवून त्यांनी मान वळवली. "नवीन काही नाही ना, तेंगबाई?"

"बघतेय."

"बघा. पण डोळे फाडून नको. आणि टॉर्च जरा जपून, सेल महाग झालेत."

तेंगबाईंच्या पुढच्या वर्षाच्या करारावर मोठ्या बाईंचा शिक्का अजून उमटायचा होता. त्यांनी टॉर्च विझवला.

रांगेत पुढे आल्या बाओजूआजी. शिंपल्या सोलून सोलून त्यांच्या बोटांची सालं गेलेली. त्यांनी नातवाला, कायकायला, पुढे केलं. त्याने हात पसरले, आ केला. टॉर्चशिवायही दिसत होतं, सगळं स्वच्छ होतं.

"बाई, एक विचारू?" आजींचा आवाज मासळीबाजारातला, हळू बोलायची सवय नाही. "वर्गात आहे का हो काही? खरं सांगा. घरात तान्हं आहे. महिनाही भरला नाही. डॉक्टर म्हणाले, मोठ्या पोरांना चार दिवस ताप येतो न् जातो, पण तान्ह्याच्या डोक्यात चढतं ते. असेल तर याला असाच माघारी नेते. बसेल माझ्याजवळ शिंपल्या मोजत."

तोंगतोंगची आई अजून निघाली नव्हती. तिने हेल्मेटचा पट्टा काढला आणि पुन्हा लावला. शाओयूचे बाबा स्कूटरच्या आरशात स्वतःचा चेहरा बघू लागले. मोठ्या बाई फोनमध्ये हसत होत्या.

तेंगबाईंनी एकेकाकडे पाहिलं. पाहण्यात वेळ गेला. तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं होतं.

"आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे," त्या म्हणाल्या, "एकच आहे, आजी. सोमवारपासून घरीच आहे तो."

"नोंदीतलं मला काय कळतंय? तुम्ही म्हणताय ना, मग झालं." आजींनी सुस्कारा सोडला. रांगेनेही सोडला. "नाहीतर लोक काय, तोंडावर खोटं बोलतात हो! सून तर म्हणत होती, पाठवूच नका. मी म्हटलं, बाईंना विचारते."

कायकाय दारातच घुटमळत होता. आतून तोंगतोंग धावत आली आणि तिने त्याच्यापुढे हात केला. आजींना भरून आलं. खाली वाकून त्यांनी तोंगतोंगचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, चोळले, आणि त्यातला एक नातवाच्या हातात दिला.

"किती उबदार हात गं तुझे, बाय! धर रे घट्ट. सोडू नकोस."

जोडी आत गेली. आजी स्कूटरवर बसल्या.

"आजी!" तेंगबाई एकदम ओरडल्या. मोठ्या बाईंनी फोन कानाला तसाच ठेवून वळून पाहिलं.

"काय हो?"

"घरी गेल्यावर... हात धुवा. साबणाने. नीट."

आजी खळखळून हसल्या.

"धुते की! आता जाऊन बाळाला आंघोळच घालायचीय. त्यातच धुतले जातील."