दयेचा अर्ज

उपासना आटोपून सुवार्ताबाई घरी आल्या, तर ओट्यावर व्याही बसलेले. शांतवनराव. येरमाळ्याहून सकाळच्याच गाडीनं आले होते, पण चर्चमध्ये शिरले नव्हते. त्यांच्या विल्सननं बायकोचा आणि पोटच्या पोरीचा जीव घेतला, तेव्हापासून ते बाईंच्या गावात, येडशीत, कुणाला तोंड दाखवत नव्हते. बायको म्हणजे सुवार्ताबाईंची करुणा. पोर म्हणजे त्यांची सहा वर्षांची नात.

'या' म्हणायचं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी दार उघडं ठेवलं, एवढंच.

शांतवनरावांनी आत येऊन पिशवीतून कागद काढले. विल्सनची फाशी वरच्या कोर्टातही कायम झाली होती. आता राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज जायचा होता. मेलेलीच्या आईची सही असली तर अर्जाला वजन येईल, असं वकील म्हणाला होता. हे सगळं त्यांनी फरशीकडं बघत सांगितलं.

बाई खुर्चीत टेकल्या. आठ वर्षं धाराशिवच्या कोर्टातल्या बाकड्यावर बसून आता कुठंही बसलं की पाठ तशीच ठणकायची. थोरला मुलगा म्हणायचा, शास्त्रानं खुन्याला मरणच सांगितलंय. पाळकसाहेब म्हणायचे, प्रभू स्वतः देहान्ताच्या शिक्षेनं गेला, त्याच्या लेकरांनी ती कुणासाठी मागू नये. बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं होतं. बोलून झालं की दोघंही आपापल्या कामाला जायचे.

"माफ केलं का, असं इचारू नका," बाई म्हणाल्या. "न्हाई केलं. प्रार्थनेत ती माफीची ओळ आली की माझं तोंड मिटतं."

"न्हाई इचारत, ईनबाई." शांतवनरावांनी कागद गुडघ्यावर सारखे केले. "मला बी न्हाई जमलं."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडं नीट पाहिलं. मेलेली पोर त्यांचीही नात होती. आठ वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं, बाईसुद्धा नाही.

"मग कशापायी पळताय त्याच्यासाठी?"

"दोघींना मातीआड केलं. आता तिसऱ्याला न्यायचं बळ न्हाई उरलं."

बाईंनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतले. चार पानं होती. विल्सनचं वय, शिक्षण, तुरुंगातली वागणूक, छातीचं दुखणं. करुणाचं नाव एकदा आलं होतं. पोरीचं कुठंच नव्हतं. जिथं तिथं 'मयत क्रमांक दोन'.

त्यांनी पेन मागितलं. पहिल्या पानावर त्या तीन शब्दांवर आडवी रेघ ओढली आणि वरच्या अंगाला काहीतरी लिहिलं. दुसऱ्या पानावर तेच केलं. तिसऱ्यावरही. मग शेवटच्या पानावर सही केली आणि कागद पुढं सरकवले.

शांतवनरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. रेघा तेवढ्या दिसल्या, अक्षर काही लागलं नाही. खाडाखोड बघून अर्ज माघारी येतो की काय, या धास्तीनं त्यांनी हळूच विचारलं, "काय लिवलंत?"

"एस्तेर," बाई म्हणाल्या.

शांतवनरावांनी पहिलं पान डोळ्यांना भिडेल इतकं जवळ धरलं आणि ओळीवरून बोट फिरवत ते नाव शोधत राहिले.