मर्कॅप्टनच्या बाजूने एक हात

एकच हात वर होता आणि तो तिचा होता.

"अगं, कळलं तुझं मत. खाली घे आता," अध्यक्ष म्हणाले. ते तिच्या वडिलांचे जुने स्नेही. ती लहानपणापासून त्यांना काकाच म्हणत आलेली.

"नोंद वगळायला सगळ्यांची संमती लागते, काका. माझी संमती नाही."

परिभाषा कोशाची नवी आवृत्ती निघायची होती आणि 'मर्कॅप्टन'वर येऊन गाडी अडली होती. गंधकाच्या एका संयुगकुळाचं हे जुनं नाव. ही संयुगं पाऱ्याला घट्ट धरतात, म्हणून पडलेलं. शास्त्राने त्याला केव्हाच निवृत्त केलं होतं. पुस्तकांत आता सगळीकडे 'थायॉल'. तेव्हा जुनी नोंद काढून टाकावी, असा प्रस्ताव होता. तो कुणाचा, हे कोशाच्या मंडळात सांगत नसत. माणसाच्या तोंडाकडे पाहून मत देऊ नये, म्हणून तिच्या वडिलांनीच घालून दिलेला तो नियम होता. वडील गेले आणि त्यांच्या जागी मंडळाने तिला बोलावलं. ती गॅस भरण्याच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती.

"त्या शब्दाचा आता नुसता वास उरलाय," मंडळातले प्राध्यापक म्हणाले. दोघेतिघे हसले.

"वासासाठीच तर तो आहे, सर. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून आम्ही हेच मिसळतो. पिंपांवर अजून मर्कॅप्टनच लिहिलेलं येतं. त्यावरच्या सूचनांचं भाषांतर करायला बसलेला माणूस कोश उघडणार, तेव्हा त्याने काय करायचं?"

"थायॉलखाली बघायचं की!"

"ज्याला थायॉल माहीत आहे, तो बघेल. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठीच कोश असतो ना?"

प्राध्यापकांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथेच तुटून पडलं.

तिच्याजवळ आणखी एक कारण होतं, पण ते चारचौघांत काढण्यासारखं नव्हतं. शिक्षक होण्याआधी वडील अशाच एका कारखान्यात होते. संध्याकाळी आई त्यांना दारातच अडवायची, सदरा बाहेरच काढायला लावायची. आणि ही नाक धरून घरभर ओरडत सुटायची, "मर्कॅप्टन आले! मर्कॅप्टन आले!" वडील मुद्दाम तिच्या मागे धावायचे. आता त्यांचे कपडे वाटून झाले होते. चष्मा कुणीतरी नेला होता. हा शब्द मात्र ती कुणाला नेऊ देणार नव्हती.

"ज्याने कुणी हा प्रस्ताव आणलाय ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "त्याने तो वास जन्मात कधी अंगावर वागवलेला नाही. खुर्चीत बसून शब्द मारायला काय लागतं?"

प्राध्यापक कपातल्या बिस्किटाकडे बघत राहिले. सचिवबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"काय झालं? बोला ना, काका."

"सांगायचं नसतं, पोरी."

"आता सांगाच."

अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली. "तुझ्या बाबांचा प्रस्ताव आहे. दवाखान्यातून फोन केला होता मला. शेवटचाच. म्हणाले, मायेपोटी शब्द सांभाळायचे नसतात. हा मला फार प्रिय आहे, म्हणून आधी हाच काढा."

तिचा हात अर्ध्यावर आला. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. सचिवबाईंनी हलकेच पेनाचं टोपण काढलं.

"त्यांची इच्छा होती गं," काका मऊ आवाजात म्हणाले.

इच्छा. बाबा गेल्यापासून घरात सगळे असेच मऊ बोलत होते. बाबा असं म्हणायचे, बाबांना तसं आवडायचं. आयुष्यभर ज्यांनी जेवताना पोळी हातात तशीच ठेवून तिच्याशी वाद घातला, तिने चूक काढली की ज्यांचे डोळे चमकायचे, त्यांना सगळ्यांनी मिळून कधीच न चुकणारा माणूस करून टाकलं होतं. तिनेसुद्धा.

तिला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, खणखणीत राग आला, आणि तो थेट बाबांवर होता. माया त्यांना असेल. पिंपांवरचं नाव मायेने लिहिलेलं नव्हतं.

तिने हात पुन्हा सरळ वर केला.

"बाबांचं चुकतंय," ती म्हणाली. "आणि मी ऐकून घेणार नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे."