बुधवारचा उच्चार

"कपडे वेडनेसडेला मिळतील," असं तिने गिऱ्हाइकाला सांगितलं, की आतल्या खोलीतून इंग्रजी शिकवणाऱ्या नवऱ्याचा आवाज यायचा, "वेन्झडे. त्यातला पहिला डी बोलायचा नसतो."

"बोलायचा नसतो, तर लिहिलाय कशाला?"

"तुझ्यासारखे ओळखू यावेत म्हणून."

गिऱ्हाईक हसायचं. ती मान खाली घालून शिलाई मशीन दामटायची. पुढेपुढे तिने वार सांगणंच सोडलं. नुसतं "परवा या" म्हणायची.

मग नवऱ्याला, म्हणजे गावाच्या सरांना, पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. चार महिने ती रोज सकाळी कॅलेंडर समोर धरून एकेका वारावर बोट ठेवत होती. सर नुसते बघत राहायचे.

आज ओठ हलले.

"वेड," ते म्हणाले. कपाळावर घाम आला. "नेस. डे."

"बाबा, वेन्झ..." मुलगी दारातून बोलली, तसे आईने डोळे वटारले.

आता ही हसणार, अशा नजरेने सर बायकोकडे पाहत होते. ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती.



"बरोबर," ती म्हणाली. "आपल्या घरात असंच म्हणतात."