बिननावाची सून

जुनी लाल बीएमडब्ल्यू मदरवेलच्या मैदानात भिंगरीसारखी फिरत होती. झिमकिता खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकली होती, एक पाय तेवढा स्टिअरिंगवर. लोक वेडे झाले होते. तीही झाली होती.

तेवढ्यात तिला गर्दीत सासू दिसली. मग नुसता धूर. मग पुन्हा सासू.

'मेले!' ती म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. गरगरताना धड घाबरताही येत नाही.

आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत सून घरात आली की सासरचे तिला नवं नाव देतात. नाव मिळालं की ती घरची झाली. झिमकिताच्या लग्नाला वर्ष होत आलं, तरी तिची सासू मादलोमो तिला 'ए मुली' म्हणूनच हाक मारायची. शेजारणी कुजबुजायच्या. म्हणून झिमकिता आणखीच वाकून चालायची, आणखीच हळू बोलायची. आणि दर शनिवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे अशी थाप मारून गाडी स्पिन करायला इथे यायची. आज सगळंच मुसळ केरात. आता नाव कसलं मिळतंय!

पुढच्या गिरकीला मादलोमो उठून उभी होती. त्याच्या पुढच्या गिरकीला लोकांना कोपरं मारत पुढे येत होती. मग दिसली ती थेट कठड्यावर चढून हातवारे करताना. टायरांच्या किंचाळण्यात तिचं एक अक्षर ऐकू येईना. थांबावं तर सासू! झिमकिता फिरतच राहिली. शेवटी मागचे दोन्ही टायर फटाफट फुटले, तेव्हा कुठे गाडी थांबली.

झिमकिता उतरली. मैदान अजून फिरतच होतं. दोन मादलोमो तिच्याकडे तरातरा चालत आल्या. जवळ येईपर्यंत त्यांची एक झाली.

"आई, चुकलं माझं. मी सोडते हे सगळं, पण..."

"गप्प बस गं! वर्षभर डोकं फोडून घेतेय मी. नाव माणूस बघून ठेवतात. तू मेली मान खाली घालून नुसती भांडी घासतेस, तुला काय डोंबल नाव ठेवू?"

तिनं सुनेचा हात धरून उंच उचलला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"नोजिकेलेझा! गरगर फिरणारी, आमच्या घरची!"