नंबर नसलेली मोटारसायकल

१९५४ साल. मुलुंडच्या मार्तंड रेग्यांनी लष्करी भंगारातले भाग जोडून अंगणात मोटारसायकल उभी केली, ती चार वर्षं उभीच होती. "घरी जोडलेल्या गाडीला सरकार नंबर देत नाही, मी काय करू?" असं ते दर रविवारी बायकोला ऐकवायचे. वसुधाबाई गाडीवर गोधड्या वाळत घालायच्या.

शेवटी नियम बदलण्यासाठी वसुधाबाईंनीच अर्ज लिहिला. घाटकोपर-कुर्ल्याचे असेच घरी गाडी जोडून बसलेले पाच गाडीवेडे पोह्यांना बोलावले आणि म्हणाल्या, "करा सह्या!"

पोहे संपले. पेन मात्र कुणीच उचललं नाही.

रेगे हळूच बायकोच्या कानाशी लागले.



"अगं, उद्या खरंच नंबर मिळाला, तर आम्हा सहाही जणांना आपापली गाडी सुरू करून दाखवावी लागेल ना!"