परातीची मालकीण

लकव्यानं उजवा हात लुळा पडला आणि काटेवाडीच्या द्वारकाबाईंच्या जिवाला घोर लागला, की आपल्या हातची भाकरी आता आपल्याबरोबरच सरणावर जाणार. सुनेला, स्वरूपाला, त्यांनी वीस वर्षं परातीला शिवू दिलं नव्हतं. शेवटी नाइलाजानं त्यांनी बंगळूरहून गाव बघायला आलेल्या पाहुणीलाच चुलीपुढं बसवलं.

“अगं, पीठ रगड! मांजरागत गोंजारतीस काय?”

चार दिवस भाकरी तव्यावर जाताजाता तुटली, पाचव्या दिवशी पाहुणीच निघून गेली. द्वारकाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

दुपारी ताटात टम्म फुगलेली भाकरी आली.

“ही कुणी थापली?”

स्वरूपा म्हणाली, “तुमी माळेगावला लेकीकडं महिना महिना ऱ्हायचा, तवा हितं कोण थापायचं, आत्याबाई?”