मधली कळी

बाबा चार दिवस बाहेरगावी काय गेले, मुलीने त्यांच्या गुलाबाची पार वाट लावली. प्रदर्शन आठ दिवसांवर आलेलं आणि प्रत्येक फांदीवर चार-चार कळ्या मजेत डुलत होत्या. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय मी. मधली एक ठेवायची, बाजूच्या मुगाएवढ्या असतानाच खुडायच्या. झाडाचं सगळं बळ एका ठिकाणी लागलं, तरच फूल बक्षिसाचं होतं."

"दरवर्षी खुडतेच की मी."

"मग यंदा काय हात मोडले होते तुझे?"

तिने त्यांच्या दुपारच्या गोळ्या आणि पाण्याचा पेला कठड्यावर ठेवला.

"अकरा वर्षांपूर्वी दादाला परदेशी शिकायला पाठवायचं म्हणून माझं कॉलेज सोडवलंत, तेव्हाही हेच म्हणाला होतात. सगळं बळ एका ठिकाणी."

"त्याचा इथे काय संबंध?" बाबा करवादले, पण त्यांची कळीवर टेकलेली नखं तिथेच थांबली.

"काही नाही. गोळ्या घ्या आधी," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, तुमचं बक्षिसाचं फूल प्रदर्शनातून कधी घरी परत आलंय का?"